एक आणा, एक रुपया आणि गंजाडची शाळा

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पालघर मतदारसंघात २० मे रोजी मतदान झाले. निवडणुकीचे काम आम्हा शिक्षकांच्या नशिबी ठरलेलेच असते. मला मिळालेले केंद्र डहाणू तालुक्यात, गंजाडच्या परिसरातील एका पाड्यावर होते. केंद्र म्हणजे अर्थातच जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. आदल्या दिवशी यंत्रे घेऊन पोहोचलो, बाके भिंतीला लावली आणि रात्री त्याच वर्गात चादरी अंथरल्या.

झोप येईना म्हणून भिंती वाचत बसलो. एका भिंतीवर तारप्याभोवतीचा फेर रंगवलेला. शेजारी शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांची नावे, त्याखाली इयत्तावार पट. सगळ्या इयत्ता मिळून आकडा तिशीच्या आतला. सकाळी पाणी घेऊन आलेल्या, मुलांचा आहार शिजवणाऱ्या बाईंनी मला विचारले, की तुम्ही सरकारी माणूस आहात, तर ही शाळा राहणार की बंद होणार, एवढे सांगा. मी उर्दू शाळेतला शिक्षक. माझ्या शाळेबद्दल हाच प्रश्न पालक मला विचारतात आणि मी तिथेही गप्प राहतो. त्या दिवशीही गप्प राहिलो. हा लेख म्हणजे त्या गप्प राहण्याची भरपाई समजावी.

गंजाड हे नाव वाचकांना अगदीच अपरिचित नसावे. वारली चित्रकलेला जगभर नेणारे जिव्या सोमा मशे याच गावचे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. शाळेच्या कोणत्याही पुस्तकात नसलेल्या विद्येने या गावाचे नाव जगाच्या नकाशावर गेले. त्याच गावाच्या पाड्यापाड्यांवरची शाळा मात्र सरकारी तक्त्यातली एक ओळ होऊन राहिली. ही ओळ कोणी लिहिली, तिचा खर्च कोणी दिला आणि मुलांच्या हाती काय पडले, हे पाहायचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा उपकर बसवण्यात आला. १८६९ च्या लोकल फंड कायद्याने त्याला कायद्याचे रूप आले. या आण्याचा एक तृतीयांश भाग शाळांसाठी होता. १८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली आणि खेड्यातील शाळेचा कारभार त्यांच्या कक्षेत आला. दिसायला व्यवस्था न्याय्य होती, पण तिच्यात एक मेख होती. उपकर महसुलावर, म्हणून जिथे आकारणीची जमीन भरपूर तिथे पैसा भरपूर. डहाणूसारख्या जंगलपट्टीच्या मुलुखात उपकर निघणार किती? शिवाय जमीन सावकार-जमीनदाराच्या नावावर आणि राबणारा वारली कुळ. सरकारात आणा भरायचा जमीनदाराने. तो ज्या खंडातून यायचा, तो पिकवायचा कुळाने. शाळा मात्र बाजाराच्या गावात, रेल्वेच्या आणि समुद्राच्या बाजूला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी हाच हिशेब मांडला होता. महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला होतो, हे त्यांचे गाऱ्हाणे डहाणूच्या जंगलात अक्षरशः खरे होते.

१९२३ मध्ये मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डांकडे सोपवण्यात आल्या. सक्तीच्या शिक्षणाची योजना आखली तर वाढीव खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकार देईल, असे जिल्हा बोर्डांना आश्वासन होते. उरलेला एक तृतीयांश बोर्डाने उभा करायचा. म्हणजे ज्याच्या गाठीला आधीच काही आहे त्यालाच सरकारी मदत मिळणार. पुढे १९३० च्या सुमारास जागतिक मंदी आली, काटकसर सुरू झाली आणि सक्तीच्या योजना कागदावर राहिल्या. १९४७ च्या नव्या कायद्याने सूत्रे पुन्हा बऱ्याच अंशी सरकारच्या हाती गेली.

पण वारल्याचे मूल शाळेत नव्हते याचे कारण फक्त बोर्डाची तिजोरी नव्हती. बाप वेठबिगारीत असेल तर मूल शाळेत बसत नाही. ते मालकाची गुरे राखते. २३ मे १९४५ रोजी झरी येथे झालेल्या परिषदेनंतर गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या कार्यकर्त्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा बळी गेला. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे हा लढा मराठी वाचकाला ठाऊक आहे. मला त्यात शिक्षणाच्या इतिहासाचाही एक धडा दिसतो. मुलाच्या वेळेवर मालकाचा हक्क होता. तो हक्क तुटल्याशिवाय शाळेची घंटा त्याच्यासाठी वाजणेच शक्य नव्हते.

योगायोग असा, की त्याच १९४५ साली याच तालुक्यात बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे नेऊ, या विचारातून अंगणवाडी निघाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शंख-शिंपले, बिया, पाने, काटक्या हेच साहित्य, कारण विकतच्या साहित्याला पैसे नव्हते आणि मुलाला परकेही वाटायचे. आज देशभर लाखोंनी अंगणवाड्या आहेत. त्या शब्दाची पाळेमुळे आपल्या या जिल्ह्यात आहेत. मुलाला ‘नापास’ म्हणण्यापूर्वी शाळेने स्वतःची परीक्षा घ्यावी, एवढे तरी कोसबाडने आपल्याला शिकवले.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गंजाडची शाळा ठाणे जिल्हा परिषदेची झाली. वर शिक्षण समिती आणि शिक्षणाधिकारी, तालुक्याला पंचायत समिती आणि गटशिक्षणाधिकारी, नव्वदच्या दशकापासून त्याखाली केंद्रप्रमुख. उतरंड पक्की झाली. पैशाचे मात्र निराळे. शिक्षकांचा पगार राज्य सरकारच्या अनुदानातून येतो आणि शिक्षणाच्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा तोच. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न, ज्याला कार्यालयात आजही ‘सेस’ म्हणतात, ते त्या जुन्या एका आण्याचेच वंशज. त्यातून होऊन होऊन काय होणार? एखादे छप्पर, काही बाके. शाळेच्या हाती थेट येते ते समग्र शिक्षेचे अनुदान. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० पटाला २५ हजार, असा त्याचा निकष. खडू, वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता सगळे त्यात. पट कमी म्हणून रक्कम कमी. पण गळणारे छप्पर पट मोजून गळत नाही.

आणखी एक रक्कम सांगितली पाहिजे. १९९२ मध्ये राज्य सरकारने दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेतल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. हजेरीच्या दिवसाला एक रुपया. हेतू चांगला होता आणि त्या काळी रुपयाला किंमतही होती. तीन दशके उलटली तरी रुपया रुपयाच राहिला. एकोणिसाव्या शतकातला आणा आणि विसाव्या शतकातला रुपया, यांतच गंजाडच्या मुलीच्या शिक्षणाचा हिशेब सामावला.

आदिवासी भागात शाळेला धनीही दोन. पाड्यावरची शाळा जिल्हा परिषदेची, तर आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची. तिचा कारभार डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालतो. मूल पाड्यावर चौथीपर्यंत शिकते, मग आश्रमशाळेत जाते. त्याला चौथीत वाचता येत होते की नाही, याचा जाब एक विभाग दुसऱ्याला कधी विचारत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. ठाण्याच्या खेपा वाचल्या, ही लहान गोष्ट नव्हे. जुन्या ठाणे जिल्ह्याची २०११ ची साक्षरता ८४ टक्क्यांवर होती. त्या आकड्यात ठाणे-कल्याणच्या इमारती डहाणू-तलासरीच्या झोपड्यांना झाकून टाकत. त्याच जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्के, तर राज्यातील अनुसूचित जमातींची ६६ टक्क्यांच्या आसपास होती. जिल्हा वेगळा झाल्यावर निदान झाकण निघाले. पण शिक्षकांच्या रिकाम्या जागा आणि बाहेरून येऊन बदलीची वाट पाहणारे आमचे बांधव, हे दुखणे नव्या जिल्ह्यालाही चिकटले.

आता गुणवत्तेबद्दल. चाचणी झाली की मथळा येतो, पाचवीच्या मुलाला दुसरीचे वाचता येत नाही. मथळा खोटा नसतो, पण अर्धा असतो. वारल्याच्या घरात वारली बोलली जाते आणि पहिलीचे पुस्तक प्रमाण मराठीत असते. हे मला समजावून सांगावे लागत नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानाच्या घरात कोकणी बोलतात, गल्लीत मराठी चालते आणि शाळेत मूल ‘अलिफ, बे’ उर्दूत शिकते. पहिलीत मुके बसलेले मूल मी दरवर्षी पाहतो. त्याच्या बोलीत दोन वाक्ये बोललो की ते उघडते. शिवाय दिवाळीनंतर वीटभट्टीवर, वाडीवर, गुजरातेत कामाला जाणारी कुटुंबे मुलांना घेऊन जातात. मूल जूनला येते तेव्हा अर्धे वर्ष त्याच्या हातून गेलेले असते. नव्वदच्या दशकात वसईकडे विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, त्या याच कारणाने. चाचणीच्या तक्त्यात या स्थलांतराचा रकाना नसतो.

आपल्या समाजाचेही पाहू. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात महाराष्ट्रातील मुसलमानांची साक्षरता २००१ च्या जनगणनेनुसार ७८ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीहून किंचित जास्तच होती. मदरशात पूर्ण वेळ शिकणारी मुले देशभरात चार टक्क्यांच्या आत. म्हणजे आपली मुले शाळेत जातात आणि ती शाळा बहुतेक वेळा सरकारचीच असते. मग जिल्हा परिषदेच्या शाळेचे भवितव्य हा ‘त्यांचा’ प्रश्न कसा? डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळांचे समायोजन जाहीर झाले. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळांबाबत समूह शाळेचा विचार पुढे आला. पटाच्या काट्याला वारली पाडा आणि मुसलमान मोहल्ला यांतला फरक कळत नाही. पाड्यातली मुलगी ओढा ओलांडून तीन किलोमीटर जाणार नाही आणि आमच्या मोहल्ल्यातली मुलगी महामार्ग ओलांडून जाणार नाही. दोघींची शाळा एकाच दिवशी सुटेल.

उपाय नाही असे मात्र नाही. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू आहे. त्याप्रमाणे व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात, शाळेचा विकास आराखडा त्यांनी करायचा. गंजाडला तर आणखी एक हत्यार आहे. डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे आणि १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला आणि पंचायतीला सामाजिक क्षेत्रातील संस्था व कर्मचाऱ्यांवर देखरेखीचा अधिकार देतो. शिक्षक का नाही, अनुदान कशावर गेले, हे ग्रामसभा विचारू शकते. आपल्या मोहल्ल्याला पेसा नाही, पण समिती आहे. तिच्या बैठकीच्या नोंदवहीवर सही घरी पाठवून घेतली जाते, हे आपण सगळे जाणतो. मीही अशा सह्या गोळा केल्या आहेत. आता करणार नाही.

मतदान संपले, यंत्रे सील केली आणि बाके आम्ही जागेवर लावली. निघताना त्या बाई भांडी घासत होत्या. शाळा राहील की नाही, हे माझ्या हाती नव्हते. पण ग्रामसभेला हिशेब मागता येतो, एवढे मी त्या वेळी सांगू शकलो असतो. ते सांगायचे राहून गेले. वाचकांपैकी कोणी त्या बाजूला गेले तर त्यांनी सांगावे. आणि तिथे जाणे होत नसेल तर आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेच्या पुढच्या बैठकीला तरी स्वतः जाऊन बसावे.