बिरड्याचा सण आणि यशयाचे सांत्वन

श्रावणसरी लागल्या म्हणजे आमच्या कुळगावात अनेक घरी वाल भिजत पडतात. भातकापणीनंतर खाचरांतील ओलीवर पेरलेले कडवे वाल साठवून ठेवावेत, पावसाळ्यात त्यांस मोड आणून, सोलून त्यांचे बिरडे करावे, हा उल्हास नदीच्या काठापासून अलिबागेपर्यंतचा जुना परिपाठ आहे. श्रावणी सोमवारच्या पानात या बिरड्यास मान असतो. परंतु याच ऋतूत, याच कोकणपट्टीत, एका समाजात हेच बिरडे शोकदिनाचे अन्न होऊन बसले, ही गोष्ट वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. तो समाज म्हणजे बेने इस्राएल, आणि त्या शोकदिनाचे नाव 'बिरड्याचा सण'.

हा दिवस यहुदी पंचांगातील अब महिन्याची नवमी होय. इ. स. पूर्वी ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमचे पहिले मंदिर जाळले व इ. स. ७० मध्ये रोमनांनी दुसरे पाडले. या दोन्ही अनर्थांचे स्मरण यहुदी लोक या एकाच दिवशी उपास करून करितात. उपासापूर्वीच्या जेवणात मसूर किंवा उकडलेले अंडे असावे, अशी त्यांच्यात पुष्कळ ठिकाणी रूढी आहे. कारण हे वाटोळे पदार्थ सुतकाचे मानलेले आहेत. कोकणात मसुराची जागा येथल्या वालाने घेतली असावी, असा आमचा तर्क आहे.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ही घटना इ. स. पूर्वी १७५ च्या सुमाराची मानली. इतर विद्वान ती बरीच अलीकडे आणतात. काळ कोणताही असो, वाचलेली माणसे तेल गाळू लागली, मराठी बोलू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनवार तेली' म्हणविली गेली. 'शमा' ही एक प्रार्थना त्यांच्या मुखी राहिली. सणांची नावेही मराठी झाली: नव्याचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण. पोथी बुडाली, पण स्वयंपाकघराने तिथी राखली.

त्या बुडालेल्या पोथीत काय होते? ज्या संदेष्ट्याचे शब्द या तिथीशी जवळून जोडलेले आहेत, तो यशया इ. स. पूर्वी आठव्या शतकात यरुशलेमेत होऊन गेला. त्याचा निवाडा परक्यांपुरता नव्हता. तो प्रथम स्वजनांवर होता. ज्यांचे हात अन्यायाने माखले आहेत, त्यांचे यज्ञ व उत्सव देवास नकोसे होतात. अनाथास न्याय द्या, विधवेची बाजू घ्या, असे त्याने भर राजधानीत बजाविले. त्याच्या ग्रंथाच्या चाळिसाव्या अध्यायापासून मात्र सूर पालटतो आणि सांत्वन सुरू होते. हा उत्तरभाग बाबिलोनच्या बंदिवासातील दुसऱ्या एका अनामिक संदेष्ट्याचा असावा, असे बहुतेक आधुनिक पंडित मानितात, कारण इ. स. पूर्वी ५३९ मध्ये बाबिलोन जिंकणाऱ्या इराणी कुरूश राजाचे नाव त्यात येते.

यहुदी उपासनाक्रमात या दोन सुरांची योजना मोठी मार्मिक आहे. नवमीपूर्वीच्या शब्बाथास यशयाचा पहिला अध्याय, म्हणजे निवाडा वाचितात. नंतरच्या शब्बाथास चाळिसावा, म्हणजे सांत्वन. उपास या दोहोंच्या मधोमध येतो. कोकणातील तेल्यांपाशी शतकानुशतके केवळ हा मधला दिवस उरला होता. का रडावयाचे व धीर कोठून घ्यावयाचा, हे सांगणारी पाने त्यांच्या हाती नव्हती.

ती पाने हळूहळू परत आली. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सभास्थान बांधिले. कोचीनच्या यहुद्यांनी उपासनाविधी शिकविला. १८३२ साली जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापिले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, पण या समाजाने विद्या घेतली व धर्म आपलाच ठेविला. आमच्या टापूस जवळचे ठाण्याचे सभास्थान १८७९ सालचे. अशा सभास्थानांत यशयाचे दोन्ही अध्याय बिरड्याच्या सणाच्या दोहों बाजूंस येऊन बसले. पुढे १९४७ च्या सुमारास मृत समुद्राकाठच्या गुहेत यशयाची संपूर्ण गुंडाळी सापडली. ती इ. स. पूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची ठरली, म्हणजे केहिमकरांच्या गणितानुसार नवगावी गलबत फुटले, साधारण त्याच काळची!

या कथेचा शेवट इतका गोड नाही. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल आपल्या पूर्वजांच्या भूमीस गेले. तेथे १९६२ साली मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहापूर्वी वंशाची चौकशी करण्याची अट घातली. ज्या विनाशासाठी यांनी पोथीवाचून उपास केले, त्याच विनाशाचे वारस यांस 'तुम्ही आमचे खरे काय?' असे विचारू लागले. कोकणच्या या लेकरांनी तेथे झगडा दिला, आणि १९६४ साली त्या देशाच्या संसदेने त्यांस सर्व बाबतींत यहुदी म्हणून मान्य केले. यशयाचा निवाडा स्वजनांच्याच दारी का उभा राहतो, हे या प्रसंगाने पुन्हा दिसले.

निवाड्यावाचून सांत्वन ही खुशामत होय, आणि सांत्वनावाचून निवाडा हे क्रौर्य होय. या दोहोंना जोडणारा दुवा स्मरणाचा; आणि तो राखण्यास पंडितच लागतात असे नाही. भिजलेले वाल सोलणाऱ्या, हिब्रूचे अक्षर न जाणणाऱ्या कोकणातील बायकांनी तो राखिला. पुढल्या श्रावणात पानावर बिरडे येईल, तेव्हा त्यांची आठवण ठेवावी, एवढेच आमचे मागणे आहे.