मुंबईतील ऐतिहासिक वास्तू आणि संग्रहालये

मुंबई शहरातील बहुतेक ऐतिहासिक वास्तू व संग्रहालये कुलाबा ते भायखळा या पट्ट्यात आहेत. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत जुन्या किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक व आर्ट डेको शैलींतील इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

वास्तू

मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली व मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव देण्यात आले. त्याचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट भारतात कधीच आले नाहीत. त्याच वर्षी सध्याच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे बांधकाम सुरू झाले आणि ते दहा वर्षे चालले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या या स्थानकाच्या कोरीव कामात सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. २००४ पासून जागतिक वारसा असलेली ही इमारत आजही चालते रेल्वे स्थानक आहे. त्यामुळे ती पाहणाऱ्यांपेक्षा तिच्यातून घाईने जाणारेच अधिक.

गेटवे ऑफ इंडिया ही कमान पंचम जॉर्ज यांच्या १९११ मधील भेटीच्या स्मरणार्थ बांधली गेली. प्रत्यक्ष भेटीच्या वेळी तेथे पुठ्ठ्याची तात्पुरती कमान होती. जॉर्ज विटेट यांची दगडी वास्तू १९२४ मध्ये खुली झाली. फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीखालून मायदेशी परतली.

संग्रहालये

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारतही विटेट यांचीच आहे. तिच्या घुमटावर विजापूरच्या गोलघुमटाचा प्रभाव दिसतो. पायाभरणी १९०५ मध्ये झाली, पण पहिल्या महायुद्धात इमारत लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेल्याने संग्रहालय १९२२ मध्ये सुरू झाले. रतन टाटा व दोराबजी टाटा यांचे कलासंग्रह येथे आहेत.

भायखळ्याच्या राणीच्या बागेलगतचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय त्याहून जुने आहे. त्याचा मूळ संग्रह किल्ल्यातील बराकींमध्ये होता. १८५७ च्या उठावाच्या काळात सैन्याने बराकी ताब्यात घेतल्या आणि संग्रहाची मोठी हानी झाली. पुढे जॉर्ज बर्डवुड, जगन्नाथ शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या पुढाकाराने वर्गणी जमवण्यात आली आणि १८७२ मध्ये सध्याच्या इमारतीत संग्रहालय खुले झाले. विविध समाजांच्या पेहरावातील मातीच्या लहान प्रतिमा, शहराचे जुने नकाशे व हस्तोद्योगाच्या वस्तू यांमुळे मुंबई कशी घडली हे समजून घेण्यास हे संग्रहालय विशेष उपयुक्त आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे त्याचे जुने नाव १९७५ मध्ये बदलण्यात आले. दीर्घ दुरवस्थेनंतर जीर्णोद्धार होऊन २००८ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

दक्षिण मुंबईतील दोन परिचित नावांचे मूळ याच आवारात पाहावयास मिळते. घारापुरी बेटावरील ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो हत्ती इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न १८६४ मध्ये झाला. उचलताना क्रेन मोडून त्याचे तुकडे झाले. ते पुढे सांधण्यात आले. काळा घोडा हे नाव ज्या सप्तम एडवर्ड यांच्या अश्वारूढ पुतळ्यावरून पडले, तो १९६५ मध्ये येथे हलवण्यात आला. मूळ चौक परिसरात २०१७ मध्ये घोड्याचे नवे शिल्प बसवले गेले. त्यावर स्वार नाही.

घारापुरीच्या लेण्यांतील सुमारे साडेपाच मीटर उंचीचे सदाशिवाचे शिल्प मात्र मूळ जागीच आहे. तेथे जाण्यासाठी गेटवेवरून बोटी सुटतात. लेणी सोमवारी, तर भायखळ्याचे संग्रहालय बुधवारी बंद असते.