चिमूटभर चुना

दिवाळीच्या सुट्टीपूर्वीचा शेवटचा तास होता. मी सातवीला कोलंबस शिकवीत होते. १४९२ साली तो अमेरिकेच्या बेटांवर पोचला आणि तिकडचा मका, मिरची, बटाटा, भुईमूग हळूहळू साऱ्या जगात पसरला, असे फळ्यावर लिहून मी मागे वळले. तो शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मका आणला खरा, पण तो शिजवायचा कसा, हे त्यांनी तिथल्या बायकांना विचारलं होतं का?"

सारा वर्ग हसला. मीही हसले. पण घरी आल्यावर भाजणी भाजताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरी कादंबऱ्या लिहिण्याच्या नादाने ग्रंथालयात बसण्याची सवय लागलेली आहे. तिथे जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवते.

मेक्सिको आणि ग्वाटेमाला या देशांतली बाई मका कधी कोरडा दळीत नसे. दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी धुऊन वरची साले काढायची आणि मग गुडघे टेकून दगडी पाट्यावर ते ओले वाटायचे. त्या पाट्याला तिकडे 'मेताते' म्हणतात. वाटलेल्या गोळ्याची भाकरी हातावर थापून 'कोमाल' नावाच्या मातीच्या तव्यावर भाजायची. आपल्याकडची कोणतीही सुगरण तिथे गेली असती, तर भाषा न कळताही तिला ते स्वयंपाकघर परके वाटले नसते. आपणही कोहळ्याच्या पेठ्याला चुन्याची निवळी वापरतोच. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी स्त्रिया चुन्याऐवजी लाकडाची राख घेत. मक्याच्या शेतातच त्या घेवडा आणि भोपळाही लावीत. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढे, भोपळ्याची पाने जमिनीची ओल धरून ठेवीत.

चुना कशासाठी? साल सुटते, पीठ चांगले मळले जाते, एवढे तर त्या बायकांना दिसतच होते. पण आणखी एक गोष्ट घडत होती, ती डोळ्यांना दिसणारी नव्हती. मक्यातले नायसिन नावाचे जीवनसत्त्व दाण्यात असे जखडलेले असते, की ते आपल्या अंगी लागत नाही. चुन्याने ते मोकळे होते. हजारो वर्षे मका खाऊन ती माणसे धडधाकट राहिली, त्यात या चिमूटभर चुन्याचा वाटा मोठा होता.

सोळाव्या शतकात साहागुन नावाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने तिथल्या चालीरीती बारकाईने लिहून ठेवल्या. मका भांड्यात घालण्यापूर्वी बायका त्यावर हलकेच फुंकर घालीत. त्याला आगीची भीती वाटू नये, म्हणून! सांडलेला दाणा उचलला नाही, तर तो देवाकडे गाऱ्हाणे नेईल, असेही त्या मानीत. साहागुनने ही नोंद भोळसट समजुतींत केली. माझी आजी पायाखाली आलेला तांदळाचा दाणा उचलून कपाळाला लावीत असे. तिची नोंदही त्याने तिथेच केली असती.

मका युरोपात गेला, पण चुना मागेच राहिला. पीक भरघोस येई, म्हणून गरिबांनी तो उचलला आणि गव्हासारखा कोरडाच दळला. १७३५ साली स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल नावाच्या वैद्याने एक नवा रोग पाहिला. उन्हात उघडी राहणारी कातडी लाल होऊन सोलते, गळ्याभोवती माळ घातल्यासारखा पट्टा उमटतो, जुलाब होतात, पुढे भ्रम होतो आणि शेवटी मरण येते. इटलीत १७७१ साली त्याला 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव मिळाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात तर या रोगाने कहर केला. कापसाच्या शेतांवरची आणि गिरण्यांतली गरीब माणसे मक्याचे पीठ, काकवी आणि खारवलेली चरबी यांवर दिवस काढीत. रोग संसर्गाचा आहे, असे भलेभले डॉक्टर म्हणत. १९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तपासाला पाठविले. त्याने पाहिले, की अनाथाश्रमांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत रोगी आजारी पडतात, पण त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना काही होत नाही. मग हा संसर्ग कसला? हा तर ताटाचा दोष! लोकांना ते पटेना, तेव्हा १९१६ साली त्याने व त्याच्या साथीदारांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. त्याची पत्नी मेरी हिनेही टोचून घेतले. कोणालाही रोग झाला नाही. पुढे १९३७ साली एल्वेहेम या शास्त्रज्ञाने उणीव नेमकी कशाची, ते दाखविले.

या साऱ्यात एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बसले. त्या गावांतून या रोगाने पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक आजारी पडत. घरात दूध-मांस थोडे. जे असे ते आधी कमावत्या पुरुषाला आणि मुलांना. आईच्या वाट्याला उरलेली मक्याची भाकर.

हे दूर देशीचे म्हणून सोडून द्यावे, तर तेही जमेना. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळत होता. हैदराबादच्या संशोधनशाळेत डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी त्याचा अभ्यास करून १९६० साली तो प्रसिद्ध केला. ज्वारी वाईट नव्हे; तिला एकटी ठेवणे वाईट. आपल्या बायकांनी भाकरीला डाळ, पालेभाजी, ताक आणि शेंगदाण्याची चटणी अशी सोबत दिली. भुईमुगात तर नायसिन भरपूर. आणि गंमत अशी, की तोही मक्यासारखा अमेरिकेतूनच आलेला पाहुणा! पण ही सोबत सर्वांच्या ताटांत वाढून झाल्यावर वाढणारीसाठी कितीशी उरत होती?

माझी आई आजही सर्वांच्या मागून जेवते. मी लहानपणी विचारले, तर म्हणे, "मला भूकच नसते गं आधी." मी ते खरे मानले. इतिहास शिकविणारीने आपल्या घरातला पुरावा चाळीस वर्षे तपासला नाही!

सुट्टी संपली की त्या मुलीला उत्तर देईन : मका नेला, पण त्याला अंगी लागणारे अन्न कोणी केले, याची किंमत कोणी ओळखली नाही. आणि यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री आईचे पान आमच्याबरोबरच मांडणार आहे. ती "तुम्ही बसा, मी वाढते" म्हणेल, हे ठाऊक आहे. वाढायला मी उभी राहीन.