सेंट्रल पार्कमधील सरोवर : निसर्गाचा आभास आणि सार्वजनिकत्वाचा इतिहास

न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटन बेटाच्या मध्यभागी असलेल्या सेंट्रल पार्कचा विस्तार ८४३ एकर आहे. ह्या उद्यानाच्या दक्षिणार्धात सुमारे वीस एकरांचे एक सरोवर आहे. त्याचा नागमोडी काठ, पाण्यात घुसलेले खडक, उत्तरेकडील दाट झाडी आणि मधला कमानदार पूल ही सर्व रचना इतकी सहज वाटते की, शहर वाढत असताना निसर्गाचा एखादा तुकडा येथे तसाच शिल्लक राहिला असावा, असा ग्रह पाहणाऱ्याचा होतो. वस्तुस्थिती ह्याच्या नेमकी उलट आहे. इ. स. १८५७ पर्यंत ह्या ठिकाणी सरोवर नव्हते. होती ती दलदल. म्हणूनच ह्या सरोवराचा इतिहास पाहताना तीन प्रश्न उपस्थित होतात. ते कसे निर्माण झाले? ते कोणासाठी निर्माण झाले? आणि उद्यानाची भूमी मोकळी होण्यासाठी कोणाला तेथून जावे लागले?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कची वाढ विलक्षण वेगाने झाली. १८५० मध्ये शहराची लोकसंख्या पाच लाखांवर गेली होती. १८११ च्या नगररचनेने मॅनहॅटनवर काटकोनी रस्त्यांचे जाळे आखून दिले होते; पण त्यात मोठ्या उद्यानाची सोय नव्हती. कवी व संपादक विल्यम कलन ब्रायंट ह्याने १८४४ मध्ये आपल्या वृत्तपत्रातून सार्वजनिक उद्यानाची मागणी केली. उद्यानशास्त्रज्ञ अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग ह्याने ती पुढे उचलून धरली. मागणीमागील हेतू मात्र संमिश्र होते. लोकांचे आरोग्य आणि श्रमिकांची करमणूक ह्यांबरोबरच लंडन-पॅरिसच्या तोडीचे शहर व्हावे ही व्यापारी वर्गाची आकांक्षा होती, आणि उद्यानाभोवतालच्या जमिनींचे भाव वाढतील हा हिशेबही होता. १८५३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ह्या भूमीच्या संपादनाचा कायदा केला.

उद्यानाच्या आराखड्यासाठी स्पर्धा जाहीर झाली. आलेल्या ३३ आराखड्यांमधून फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स ह्यांचा आराखडा एप्रिल १८५८ मध्ये निवडला गेला. व्हॉक्स हा इंग्लंडमधून आलेला वास्तुशिल्पी होता व त्याने डाउनिंगच्या हाताखाली काम केले होते. ओल्मस्टेड त्या वेळी उद्यानाचा अधीक्षक होता. उद्यानात शिरलेल्या माणसास शहराचा विसर पडावा, हे दोघांचे सूत्र होते. ह्याच सूत्रानुसार त्यांनी आडवे रहदारीचे रस्ते जमिनीच्या पातळीखालून नेले आणि सरोवराला उद्यानाच्या दृश्यरचनेत मध्यवर्ती स्थान दिले.

सरोवरासाठी सॉ किल नावाच्या ओढ्याचे दलदलीचे खोरे निवडण्यात आले. भोवतालच्या भूमीचा निचरा करण्याचे काम जॉर्ज वेअरिंग ह्या अभियंत्याच्या देखरेखीखाली झाले. शेतजमिनीतील पाणी काढण्यासाठी भाजलेल्या मातीच्या नळ्या जमिनीखाली घालण्याची जी पद्धत होती, तीच येथे मोठ्या प्रमाणावर योजिली गेली. ओढ्याचे पाणी अडविण्यात आले, तळ खोदून सारखा केला गेला, काठाला वळणे दिली गेली. हिवाळ्यात पाण्याची पातळी सुमारे चार फुटांपर्यंत उतरविता यावी, अशीही योजना होती; कारण बर्फ फुटून कोणी आत पडले तरी जीव वाचावा, हा विचार त्यामागे होता. आज सरोवराला पाणी मिळते ते मुख्यतः शहराच्या पाणीपुरवठ्यातून. म्हणजे ज्याला प्रेक्षक निसर्ग म्हणतो, त्याची आकृती, खोली आणि पाणी ही तिन्ही माणसाने ठरविलेली आहेत. १८६२ मध्ये पूर्ण झालेला ओतीव लोखंडाचा बो ब्रिज तेवढा आपले मानवनिर्मित रूप लपवीत नाही.

ही निर्मिती ज्यांच्या हातांनी झाली, त्यांच्या खुणा मात्र तेथे दिसत नाहीत. १८५७ च्या आर्थिक अरिष्टात हजारो लोक बेकार झाले होते. उद्यानाचे काम हे त्यांच्या दृष्टीने प्रथम पोटापाण्याचे साधन होते. १८५९ मध्ये, काम ऐन भरात असताना, साडेतीन हजारांच्या आसपास मजूर तेथे राबत होते. त्यांत आयरिश आणि जर्मन स्थलांतरितांचा भरणा मोठा होता. कृष्णवर्णीयांना ह्या कामात जवळजवळ स्थान नव्हते. मजुरांची भरती राजकीय पक्षांच्या ओढाताणीचाही विषय बनली. शांततेचा आभास देणारे हे सरोवर अशा रीतीने बेकारी, पक्षीय स्पर्धा आणि वांशिक भेद ह्यांच्या गदारोळात आकारास आले.

भूमीचा प्रश्न ह्याहून गंभीर आहे. उद्यानाची जागा ओसाड होती आणि तेथे बेकायदा झोपड्या घालून राहणारे लोक होते, असे तत्कालीन वृत्तपत्रांनी रंगविले. प्रत्यक्षात सुमारे सोळाशे लोक त्या भूमीवर राहत होते. सरोवराच्या उत्तरेस काही रस्त्यांच्या अंतरावर, ८२ व्या ते ८९ व्या रस्त्यांच्या दरम्यान, सेनेका व्हिलेज ही वस्ती होती. १८२५ मध्ये कृष्णवर्णीयांनी तेथे जमिनी विकत घेण्यास आरंभ केला. १८५५ च्या सुमारास तेथे दोनशेहून अधिक रहिवासी, तीन चर्च व एक शाळा होती. रहिवाशांत बहुसंख्य कृष्णवर्णीय, तर उरलेल्यांत मुख्यतः आयरिश होते. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात कृष्णवर्णीय पुरुषास मतदानाचा हक्क मिळण्यासाठी २५० डॉलर किमतीची स्थावर मालमत्ता असणे आवश्यक होते. गोऱ्यांना अशी अट नव्हती. त्यामुळे तेथील जमिनीचा तुकडा म्हणजे केवळ निवारा नव्हता, तर नागरिकत्वाचा आधार होता. मालकांना मोबदला देण्यात आला. पण १८५७ अखेर वस्ती उठली, आणि तिच्यातील समाज पुन्हा एकत्र आला नाही.

येथे कालक्रमाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. भूसंपादनाचा निर्णय आराखड्याच्या आधीचा आहे. सेनेका व्हिलेज उठविण्याचे उत्तरदायित्व थेट ओल्मस्टेड व व्हॉक्स ह्यांच्यावर टाकणे म्हणून योग्य होणार नाही. ओल्मस्टेड अधीक्षक झाला तो सप्टेंबर १८५७ मध्ये, तेव्हा ती प्रक्रिया संपत आली होती. तथापि, मानवी हाताची खूण राहू न देण्याचे जे कलातत्त्व त्यांनी स्वीकारले, त्यामुळे पूर्वीच्या वस्तीचे विस्मरण अधिक पक्के झाले, हेही नाकारता येत नाही. विस्थापनाचा निर्णय राज्यसंस्थेचा होता; विस्मरणाला साहाय्य सौंदर्याने केले.

सरोवर लोकांसाठी खुले झाले ते डिसेंबर १८५८ मध्ये, स्केटिंगसाठी. उद्यानाचा लोकांनी वापरलेला हा पहिलाच भाग होय. बर्फ पुरेसा घट्ट झाला की उंचावर लाल गोळा चढविला जाई, आणि त्या खुणेसरशी शहरातून लोक लोटत. स्त्रियांसाठी स्वतंत्र भाग राखून ठेवला होता. पण बहुसंख्य स्त्रिया मोठ्या सरोवरावरच येऊ लागल्या. घराबाहेर स्त्रीपुरुषांनी एकत्र खेळावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. उन्हाळ्यात नौकाविहार चाले. सरोवराच्या दक्षिण काठावरील कारंजावर एमा स्टेबिन्स ह्या शिल्पकर्तीने घडविलेली देवदूताची मूर्ती १८७३ मध्ये बसविण्यात आली. १८४२ मध्ये क्रोटन नदीचे शुद्ध पाणी शहरात आले, त्याचे ती स्मारक आहे.

ज्या श्रमिकांना उन्हाळ्यात डोंगराळ प्रदेशात जाणे परवडत नाही त्यांना हे उद्यान त्या प्रवासाचे सुख देईल, असे ओल्मस्टेडचे प्रतिपादन होते. आरंभीच्या दशकांत मात्र ही अपेक्षा अर्धीच सफल झाली. उद्यान दाट वस्तीपासून दूर होते. कुटुंबासह घोड्यांच्या ट्रामने जाण्याचे भाडे मजुराला जड होते, आणि त्याला सुटी मिळे ती केवळ रविवारी. त्या दिवशी संगीताला बंदी होती; रविवारच्या वाद्यवादनास परवानगी मिळाली ती दीर्घ वादानंतर, १८८० च्या दशकात. नियम सैल झाले ते संस्थापकांच्या औदार्याने नव्हे, तर सतत येत राहिलेल्या लोकांच्या मागणीने.

सेनेका व्हिलेजचा विषय पुन्हा अभ्यासाच्या कक्षेत येण्यास शतकाहून अधिक काळ लागला. रॉय रोझेन्झ्वाइग आणि एलिझाबेथ ब्लॅकमार ह्यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात उद्यानाचा इतिहास रचनाकारांपुरता न ठेवता मजूर, विस्थापित आणि अभ्यागत ह्यांच्या बाजूने मांडला. २०११ मध्ये वस्तीच्या जागी झालेल्या उत्खननात घराचा पाया आणि नित्य वापरातील भांडी ह्यांचे अवशेष सापडले. झोपडपट्टीच्या वर्णनाशी ह्या वस्तू जुळत नाहीत. ज्या भूमीला कागदोपत्री ओसाड ठरविले होते, तिनेच ह्या प्रकारे त्या कागदांविरुद्ध साक्ष दिली.

सेंट्रल पार्कमधील सरोवराचे सौंदर्य खरे आहे आणि त्याचा लाभ आज सर्वांना मिळतो, हेही खरे आहे. परंतु सार्वजनिक हा शब्द स्थापनेच्या कायद्यात घातल्याने एखादी जागा सार्वजनिक होत नाही. १८५३ च्या कायद्याने उद्यान सर्वांचे ठरविले, आणि त्याच कायद्यान्वये काहींना आपल्या मालकीच्या भूमीवरून जावे लागले. पुढे मजूर, स्त्रिया आणि रविवारचे अभ्यागत ह्यांनी ह्या जागेवरचा आपला हक्क वापरातून सिद्ध केला. कोणत्याही शहरातील अशा रम्य स्थळाचा अभ्यास करताना त्याच्या आराखड्याबरोबरच भूसंपादनाची कागदपत्रे, मजुरांचे हजेरीपट आणि प्रवेशाचे नियम वाचले पाहिजेत. सरोवराच्या पाण्यावर काठाचे प्रतिबिंब दिसते; तळाशी काय आहे ते दिसत नाही. ते सांगणे हे इतिहासाचे काम आहे.