वळिवड्याचे पाहुणे

कोल्हापूरजवळील गांधीनगरची कापडपेठ आपणांस ठाऊक आहे. त्याच भूमीवर एके काळी पोलिश भाषेतील भक्तिगीते दुमदुमत, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल.

१९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. १९४१ च्या करारामुळे अनेकांची सुटका झाली आणि त्यांतील काही हजार लोक इराणमार्गे भारतात पोचले. १९४३ साली वळिवडे येथे त्यांच्यासाठी छावणी उभारण्यात आली. तेथे सुमारे ५,००० जण राहत; त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक. पुरुषांपैकी पुष्कळजण सैन्यात होते, तर कित्येक परत आलेच नाहीत.

अन्न व निवारा या पहिल्या गरजा खऱ्या. पण या मातांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. बराकींच्या त्या वस्तीत चर्च, शाळा, इस्पितळ व नाट्यगृह उभे राहिले. मुले स्वभाषेत शिकली. परक्या मुलखात माणूस माणूस म्हणून टिकतो तो अशाच आधारावर, असे आम्हांस वाटते.

१९४५ मध्ये युद्ध संपले, पण त्यांची गावे सोव्हिएत संघराज्यात गेली होती. परतावे कोठे? काहीजण पोलंडला गेले. इतरांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पुन्हा नव्याने संसार मांडले. १९४८ मध्ये छावणी बंद झाली आणि फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव त्या बराकींत आले. आजचे गांधीनगर त्यांनीच वसविले.

कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत काही पोलिश कबरी आहेत. नोव्हेंबरात मृतांसाठी प्रार्थना करताना आपण त्यांचेही स्मरण करू या.