रक्तातला डिंक आणि वृषणाचा कॅन्सर

‘फॉन विलेब्रांड फॅक्टर’ हे नाव ऐकून टॅब बंद करू नका! नाव अवघड आहे, गोष्ट नाही.

१९२४ साली बाल्टिक समुद्रातल्या ओलांद बेटांवरची पाच वर्षांची योर्डिस हेलसिंकीला डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे आली. तिचं रक्त थांबायचं नाही. काही भावंडं त्यातच गेलेली. हिमोफिलिया म्हणावं, तर तो बहुतांशी मुलग्यांना होतो. १९२६ मध्ये डॉक्टरांनी हा निराळाच आजार म्हणून नोंदवला. योर्डिस वयात आल्यावर पाळीच्या रक्तस्रावानं गेली. तिच्या रक्तात कमी असलेलं प्रथिन वेगळं ओळखायला १९७०चं दशक उजाडलं. हे प्रथिन म्हणजे डिंकच, जखमेपाशी प्लेटलेट्सना धरून ठेवणारा. त्याचा साठा रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात असतो आणि अस्तर दुखावलं की तो रक्तात सुटतो. एवढं लक्षात ठेवा.

आता अमेरिका. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं, पण विजेमुळे नव्हे, तर प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून तयार झालेल्या संयुगांमुळे! त्यातून सिस्प्लाटिन मिळालं. १९७४ मध्ये इंडियानात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते आणखी दोन औषधांसोबत पसरलेल्या वृषण-कॅन्सरवर वापरलं. आधी अशा दहा पोरांतलं एखादं वाचायचं (हो, पोरंच, हा विशी-तिशीतला आजार), आता बहुतेक वाचू लागली.

पण उपचारांदरम्यान काहींच्या पायांत, फुप्फुसांत रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या. दोष कोणाचा? कॅन्सर स्वतः रक्त गोठवायला मदत करतो. पोटामागच्या सुजलेल्या लसिकाग्रंथी मोठ्या शिरेवर दाब देतात. मात्र सिस्प्लाटिननंतर रुग्णांच्या रक्तात हा डिंकही वाढलेला सापडला. म्हणजे औषध अस्तरालाही दुखावत होतं. योर्डिसच्या उलटं! २००० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं, की उपचारांनंतर वीस वर्षांनीही रक्तात प्लॅटिनम सापडतं. बऱ्या झालेल्यांत हृदयविकाराचा धोकाही जास्त दिसला.

हे प्रथिन इथे नुसतं साक्षीदार की आरोपीही? मला दोन्ही वाटतं: अस्तराची दुखापत तेच सांगतं आणि प्लेटलेट्सही तेच चिकटवतं. म्हणून सिस्प्लाटिन टाळायचं का? मुळीच नाही, जीव त्यानंच वाचतो. पण उपचार चालू असताना एकच पाय सुजला किंवा अचानक दम लागला, तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.