कार्तिकातली एक घटका

उज्जैनचे महाकाल मंदिर 18व्या शतकात पुन्हा उभारले ते राणोजी शिंद्यांचे सारस्वत दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. तिथून जवळच क्षिप्रेवर राम घाट आहे. सिंहस्थामुळे तो प्रसिद्ध. मला मात्र तिथले कार्तिकस्नान महत्त्वाचे वाटते.

कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत बायका भल्या पहाटे स्नानाला जातात. दिवाळी नेमकी याच महिन्याच्या मध्यावर. म्हणजे घरात कामाचा डोंगर असताना व्रताने बाईला घराबाहेरची एक घटका दिली. पुण्य मिळो न मिळो, मैत्रिणी भेटत, मन मोकळे होई. आणि व्रताला नाही कोण म्हणणार?

आपल्याकडे धालोंचा मांडही असाच बायकांचा. पण तो पौषात. दिवाळीत काय?

नरकचतुर्दशीला दुधातले, ताकातले, रोसातले फोव आपण हक्काने मागतो. आमच्या कचेरीतल्या भगिनी आदल्या दिवशी फायली आवरता आवरता नारळ-गुळाचा हिशेब करत असतात. फोव आपण टिकवले, घटका हरवली. ती आईला परत द्यायला क्षिप्रा कशाला हवी? त्या पहाटे नारळ दुसऱ्या कुणीतरी खवावा, एवढे पुरे.